दोन दिवस दुखेल

झुलाल पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मान वळवता येत नव्हती. दाराबाहेर चपला काढून तो आत आला आणि मृणालीकडे बघायला त्याने अख्खं अंगच वळवलं. चव्वेचाळीस वर्षांचा, काटकुळा, खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसणारा माणूस. चोपडा तालुक्यात केळीच्या कापणीला जायचा. कापलेला घड खांद्यावर घेऊन बागेतल्या ओल्या सरीतून बांधावरच्या ट्रकपर्यंत न्यायचा, तो ठेवायचा आणि परत फिरायचा. दिवसाला शंभर-सव्वाशे खेपा. पंचवीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं, आणि सगळं उजव्या खांद्यावर.

"ताई, अठे," तो पालथा झोपल्यावर डावा हात मागे नेऊन दाखवू लागला. हात पोचत नव्हता. "बठ्ठा भार अठेच येस."

मृणालीने बोट ठेवलं. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढी टणक गाठ लागली. बोट दाबताच झुलालच्या तोंडून हुं निघालं.

मृणाली धुळ्याची. वडील पितांबर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून ती जळगावला कुंदन सरांच्या दवाखान्यात लागली, त्याला तीन वर्षं झाली होती. सुया लावायचं तिला सरांनीच शिकवलं होतं. घरी अहिराणीच बोलत असल्यामुळे खेड्यातले पेशंट तिच्याकडे पाठवले जात. तिच्यासमोर ती माणसं संकोचायची नाहीत.

"ही इंजेक्शनची सुई नाही भाऊ," तिने त्याला पाकीट फोडून दाखवलं. "हिच्यात औषध नसतं. केसासारखी बारीक असते. गाठीत घातली की स्नायू एकदा उडतो आणि सैल पडतो."

झुलालने सुईकडे पाहिलं आणि परत तोंड उशीत घातलं. सुई गाठीत गेल्याबरोबर स्नायू तिच्या बोटाखाली ताडकन उडाला. झुलाल दचकला, मग हसला. "जित्ता शे ना ताई तो!"

जाताना तिने त्याला ती नेहमीची सूचना दिली. दिवसाला दहा-बारा जणांना ती हेच सांगायची. "दोन दिवस दुखेल. घाबरायचं नाही. मग मोकळं वाटेल."

पुढच्या बुधवारी तो आला तो केळीची एक फणी घेऊन. मान वळत होती. "तीन रात निजनू, ताई," तो म्हणाला. "घरवाली हात लाईसन देखे, जित्ता शे का नही." कितीतरी वर्षांत तो सलग तीन रात्री झोपला नव्हता. कुशीवर वळलं की जाग यायची, आणि जाग आली की बिडी. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मृणालीला त्या दिवशी आपल्या कामाचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्यांदा सुया लावल्यावर त्याचं दुखणं आणखी उतरलं. पण कापणीचा हंगाम होता, घरी बसणं शक्य नव्हतं. खांदा पुन्हा भरून यायचा. तिसऱ्या बुधवारी तो आला तेव्हा जानेवारीची थंडी होती आणि त्याला खोकला झाला होता.

त्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. एक सहकारी रजेवर होती, तिचे पेशंटही मृणालीकडे आले होते. ट्रेमध्ये चाळीस मिलिमीटरच्या सुया संपल्या होत्या. पन्नासच्या होत्या. मृणालीने क्षणभर विचार केला. सुई लांब असली म्हणून काय, घालायची तेवढीच घालायची. तिने पन्नासची उचलली.

मानेजवळचा स्नायू चिमटीत धरून उचलता येतो. सुई त्या चिमटीतच राहते, खाली जात नाही. पात्याच्या आतल्या कडेला तसं धरता येत नाही. तिथे बरगडीच्या वर-खाली दोन बोटं ठेवायची आणि सुई तिरकी, हाडाच्या दिशेने न्यायची. स्नायूच्या खाली बरगड्या, आणि बरगड्यांच्या मधल्या फटींतून खाली फुफ्फुस. झुलालसारख्या सुकलेल्या माणसात हे अंतर किती कमी असतं, ते मृणालीला चांगलं ठाऊक होतं. तिने बोटं ठेवली होती. पण मागचा पडदा सरकवून कुणीतरी "मॅडम, माझा नंबर?" असं विचारलं, आणि तिने मान वळवून "पाच मिनिटं" म्हटलं. त्याच वेळी झुलाल खोकला.

सुई तिच्या हाताखाली घसरली. किती, ते तिला दिसलं नाही. हाताला मात्र कळलं. काहीतरी घट्ट लागायला हवं होतं, तिथे काहीच लागलं नाही.

तिने सुई लगेच काढली. रक्त नव्हतं. झुलाल उठून बसला, एक श्वास घेतला आणि थांबला.

"श्वास लिधा का टोचस, ताई."

"कुठे?"

त्याने छातीवर उजवीकडे हात ठेवला. पाठीवर नाही, छातीवर.

मृणालीने स्टेथोस्कोप लावून ऐकलं. दोन्हीकडे हवा जात होती. निदान तिला तसं वाटलं. बाहेर टीव्ही चालू होता. ती आतल्या केबिनमध्ये कुंदन सरांकडे गेली आणि काय झालं ते सांगितलं. सुईच्या लांबीचं सोडून.

"दम लागलाय त्याला?" सरांनी विचारलं.

"नाही. टोचतंय म्हणतोय."

"खोकल्याने बरगडीत लचक भरली असेल. हवा जातेय ना दोन्हीकडे?"

"एक्स-रे काढून घेऊ का सर? समोरच आहे."

कुंदन सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला हात धरून शिकवलं होतं. "काढायचा तर काढ," ते म्हणाले. "पण का काढतोय म्हणून सांगशील त्याला? सुई फुफ्फुसाला लागली असेल म्हणून? उद्या सगळ्या तालुक्यात तेच होईल. थोडा वेळ बसव, बघ."

झुलाल अर्धा तास बाकावर बसला. त्याला बरं वाटत होतं. चारची चोपडा गाडी गाठायची होती. मृणालीचे हात तेव्हा एका म्हातारीच्या गुडघ्यावर होते. तो पडद्याशी येऊन म्हणाला, "ताई, निंघू मी?"

"दोन दिवस दुखेल हां भाऊ," ती म्हणाली.

त्यापुढे आपण काय म्हणालो, हे तिला नंतर कितीही आठवलं तरी आठवेना. दम लागला तर लगेच फोन करा, दवाखान्यात जा, असं म्हणाल्यासारखं वाटायचं. आवाजसुद्धा कानात यायचा. पण तो आवाज त्या दिवशीचा होता की नंतर तिनेच रचलेला, ते कळत नव्हतं.

संध्याकाळी तिने कार्डं लिहिली. झुलालच्या कार्डावर स्नायूचं नाव, सुयांची संख्या आणि सवयीने सुईची लांबी लिहिली: चाळीस.

पुढच्या बुधवारी झुलाल आला नाही. त्याच्या वेळेला तिने दोनदा बाहेर डोकावून पाहिलं. दुपारी तिने त्याच्या नंबरला फोन लावला. दुसऱ्याच माणसाने उचलला.

"झुलालभाऊ आहेत का? मी जळगावहून, दवाखान्यातून बोलतेय."

"दादा नही शे आते," तो माणूस म्हणाला. मग जरा सावरून शहरी मराठीत बोलला, "मी युवराज, त्यांचा लहान भाऊ. दादा गेला ताई. शुक्रवारी. हार्ट अटॅक."

मृणालीने विचारलं, "कुठे? कसं झालं?"

"बागेतच. गुरुवारी घरी होता. शुक्रवारी केळीचा ट्रक आला म्हणून कापणीला गेला. पाच-सहा घड वाहिले आणि बसला. दम लागला म्हणाला. चोपड्याला नेईपर्यंत संपलं सगळं. डॉक्टर म्हणाले, अटॅक."

"पोस्टमार्टेम?"

"ते कशाला? संध्याकाळीच नेला त्याला."

तिने फोन ठेवला आणि कुंदन सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर सरांनी दार लावून घेतलं. या वेळी तिने सुईची लांबीही सांगितली.

"तुला खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शंभर टक्के? तो बिडी ओढायचा. खोकला होता. पन्नाशीला आलेला, अंगात काही नसलेला माणूस, वर तसलं ओझं. अटॅक येऊ शकत नाही का?"

"येऊ शकतो."

"मग? राख झाली मृणाली. आता कोण काय तपासणार?" ते खालच्या आवाजात म्हणाले, "इथे सहा माणसं काम करतात. तू घरी जा. दोन दिवस सुट्टी घे."

तिने सुट्टी घेतली. धुळ्याला गेली नाही, खोलीवरच राहिली. जेवण जाईना. डोळे मिटले की बोटांना ती जागा लागायची, जिथे काहीच लागलं नव्हतं. अटॅक असेल, असं ती स्वतःला सांगून बघायची. काही वेळ ते पटायचं. मग त्याने छातीवर ठेवलेला हात डोळ्यांसमोर यायचा. हवा साठायला एक दिवस लागला असेल. घरी बसून होता तोवर त्याने सहन केलं असेल. मग घड उचलल्यावर राहिलेलं फुफ्फुसही दबलं असेल. हे सगळं तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्या उत्तराला तिला चांगले मार्कही पडले होते.

रविवारी सकाळी ती चोपड्याच्या गाडीत बसली. विदगावचा पूल ओलांडला, तापीचं पाणी मागे पडलं, आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाली. अडावदच्या पुढे एका फाट्यावर युवराज मोटारसायकल घेऊन उभा होता. चोपड्यात त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. भेटायला येते, एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. "दवाखान्यातून कुणी येतं का हो?" तो वाटेत दोनदा म्हणाला. "लई मोठं मन ताई तुमचं."

पत्र्याच्या घरापुढे चार बाया बसल्या होत्या. झुलालची बायको भिकुबाई भिंतीशी होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. मृणालीला बघून ती उठायला लागली.

"तुम्हीच का सुईवाल्या ताई? तो तुमनं गंज नाव ले, घडीघडी."

तिने स्वतः आत जाऊन पाणी आणलं. चहा ठेवायला सांगितला. बाया सरकल्या आणि मृणालीला सतरंजीवर बसवलं. एकीने दुसरीला सांगितलं, या ताईंमुळे झुलाल मरायच्या आधी सुखाने झोपला. मृणालीने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"अक्का," ती म्हणाली, "मला तुमच्याशी आणि युवराजभाऊंशी बोलायचंय. आत बसू या?"

आत तिघंच होती. भिंतीवर नुकताच फोटो लावला होता, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. मृणालीने फोटोकडे पाठ केली आणि सांगायला सुरुवात केली. आधी दवाखान्यातल्या भाषेत सांगत होती. भिकुबाईच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा ती घरच्या बोलीत आली. सुई कुठे घातली, तो कसा खोकला, लांब सुई का घेतली, सगळं. फुफ्फुसाला भोक पडलं की हवा छातीत साठत जाते आणि श्वास कोंडतो, हे तिने दोन्ही हातांनी दाखवलं. "तो अटॅक नव्हता, असं मला वाटतं," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं."

बाहेर चहाची भांडी वाजत होती.

भिकुबाई बोलली, पण मृणालीला अपेक्षित होतं ते नाही. "गुरुवारले मी त्याले सांगं," ती म्हणाली, "चोपडाले दवाखानामा चाल. पायरीवर बसेल व्हता, धापा टाकी राहिंता. तो म्हने, ताईनी सांगेल शे, दोन दिन दुखी. आज एकच दिन झाया."

मृणालीने विचारलं, "आनखी काही सांगं का त्यानी? दम लागना ते फोन करजो, असं?"

"नही." भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं. "असं त्यानी काही सांगं नही. तुम्ही सांगं व्हतं का?"

"मला आठवत नाही," मृणाली म्हणाली. मग तिने मान हलवली. "नसेल सांगितलं."

झुलालने तिचा शब्द न शब्द घरी येऊन सांगितला होता. मानेचे व्यायाम कसे करायचे तेसुद्धा बायकोला करून दाखवले होते. तिने सांगितलं असतं, तर तेही त्याने सांगितलं असतं.

"गुरुवारले मी त्याले बळजबरी लई जाती," भिकुबाई सावकाश म्हणाली, "ते तो वाचता का?"

युवराजने मान वर केली. मृणालीला त्या क्षणी कळलं की या प्रश्नाचं उत्तर घेऊन ती इथे आली नव्हती. ती आपला गुन्हा सांगायला आली होती, खोटं बोलायचं नाही एवढं ठरवून. एका एक्स-रेने कळलं असतं. छातीत एक नळी घातली असती. शुक्रवारी सकाळीसुद्धा वेळ गेली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

भिकुबाई ओरडली नाही. तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हललेसुद्धा नाहीत. मृणालीने पुढे होऊन तिला हात लावला, तर तिने तो हात नुसता बाजूला केला.

युवराज उठला. "आम्ही देवाला बोल लावत होतो," तो म्हणाला. "ते सोपं होतं. कशाला आलात तुम्ही?"

"तुम्ही तक्रार करा," मृणाली म्हणाली. "मी लिहून देते."

युवराजच्या मुलीच्या वहीतल्या दोन पानांवर तिने सगळं लिहिलं, खाली सही केली, मोबाइल नंबर घातला. युवराजने कागद घडी करून खिशात ठेवला. फाट्यापर्यंत तिला सोडायला तो आला नाही. ती चालत गेली.

तक्रार झाली. चौकशीला मृणालीला दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने झुलालचं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "यावर चाळीस लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

"हो. चुकून लिहिलं. पन्नासची होती."

"कुणी पाहिली?"

"मीच."

"तुमचे सर म्हणतात, असा काही प्रकार घडल्याची नोंद नाही. डॉक्टरचा दाखला हृदयविकाराचा आहे. बॉडी नाही." त्याने पेन बंद केलं. "बाई, तुम्हाला त्रास झालाय, ते दिसतंय मला. पण नुसतं वाटण्यावर मी काय लिहू?"

त्याने काही लिहिलं नाही. दोन महिन्यांत प्रकरण बंद झालं. दवाखान्यातून तिला कुणी काढलं नाही. कुंदन सर तिच्याशी बोलायचे थांबले, एवढंच. तिनेच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सर जिन्यापर्यंत आले. काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. पण ते नुसते उभे राहिले आणि परत आत गेले.

ती धुळ्याला आईवडिलांकडे आली. एका संस्थेच्या केंद्रात तिला काम मिळालं. पक्षाघात झालेल्यांना उभं करायचं, चालवायचं. सुया तिथे कुणी वापरत नसे, आणि तिने तो विषयही काढला नाही. एकदा जेवताना वडिलांनी विचारलं, "त्या घरी परत गेली होतीस का?"

"नाही."

पितांबरांनी हातातला घास ताटात ठेवला. "तू सांगितलंस ते बरोबरच केलंस," ते म्हणाले. "पण सांगून हलकं कोण झालं आणि जड कोण झालं, तेही बघायला हवं बेटा."

मृणाली ताटावरून उठली. तिला राग आला होता, आणि तो वडिलांवर नव्हता.

जुलैत युवराजचा फोन आला. नाव बघून तिला वाटलं, शिव्या देईल. तो शांतपणे बोलला. "वहिनी कामाला जाते, स्वयंपाक करते. पण बोलत नाही. कुणाशीच नाही. आणि मधेच म्हणते, मी हात धरून ओढलं असतं तर. दिवसातून दहादा. माझ्या बायकोला भीती वाटते, विहिरीकडे एकटी सोडत नाही तिला. ताई, तुम्ही एकदा या. आणि सांगा की नसता वाचला. मोठ्या डॉक्टरांना विचारलं असं म्हणा, ते म्हणाले काही केलं असतं तरी नसता वाचला. तुमचं ऐकेल ती."

"ते खरं नाही युवराजभाऊ."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "खरं काय कामाला आलं?"

ती रविवारी गेली. धुळ्याहून अमळनेर, तिथून चोपडा. वाटभर ती वाक्य जुळवत होती. मोठ्या डॉक्टरांचं नावसुद्धा तिने ठरवलं होतं, मुंबईतल्या दवाखान्याचं नाव ठरवलं होतं. युवराज फाट्यावर आला होता. त्याने तिला शेतापर्यंत नेलं आणि स्वतः बांधावरच थांबला.

भिकुबाई कपाशीत निंदत होती. मृणाली तिच्या ओळीत जाऊन खाली बसली. भिकुबाईने एकदा पाहिलं आणि खुरपं चालूच ठेवलं. ती खूप वाळली होती. मृणालीने ठरवलेलं सगळं सांगितलं. आवाज स्थिर ठेवला. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, सगळं समजावून सांगितलं, ते म्हणाले भोक फार मोठं होतं, गुरुवारी नेलं असतं तरी उपयोग नव्हता. तुमचा काही दोष नाही, अक्का. काहीच नाही.

भिकुबाई ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि तिथे टेकली.

"तुले कोनी धाडं? युवराजनी?"

मृणालीने बांधावरच्या युवराजकडे पाहिलं.

"त्या दिनले तू खरं सांगं," भिकुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आज खोटं सांगी राहिनी. तुनं तोंडच सांगस."

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. "अक्का, तुम्ही त्याला चल म्हणाला होतात," ती म्हणाली. हे तिने जुळवलेलं नव्हतं. "तो माझ्या शब्दावर थांबला, तुमच्या नाही. ओढून न्यायचं काम तुमचं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी केलं नाही. हे तरी खरं आहे."

भिकुबाई खुरप्याच्या टोकाने माती उकरत राहिली. "तो तुनं ऐके," ती म्हणाली. "मनं कधी ऐकं नही त्यानी. लगीन झायं तैपासून." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू नव्हतं, पण रडूही नव्हतं. "आते कोनले सुया लावस का तू?"

"नाही. सोडून दिलं."

"कशाले? त्याले आराम पडे. निजे तो." तिने कपाशीच्या ओळीत काम करणाऱ्या दुसऱ्या बायांकडे हात केला. "अठे बठ्ठास्ना खांदा दुखतस. त्या कथा जातीन, कोनाकडे?"

मृणालीने त्या वाकलेल्या बायांकडे पाहिलं. दूर सातपुड्यावर ढग उतरले होते. बांधावरून युवराजने दोनदा वळून पाहिलं.

"जाय आते," भिकुबाई शेवटी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "मले ही ओळ पुरी करनी शे."

मृणाली बांधावर आली तेव्हा तिचे पाय चिखलाने भरले होते. युवराजने विचारलं, "काय म्हणाली? मानलं का?"

"नाही मानलं," मृणाली म्हणाली. "पण बोलली."

त्याने कपाशीकडे पाहिलं. भिकुबाई पुन्हा खाली वाकली होती आणि तिचं खुरपं चालू झालं होतं. त्याने गाडी सुरू केली आणि मृणाली मागे बसली.